अंगाची मेहनत झाली, मनाची मशागत कधी?



या पानावर एरवी आम्ही खत-बियाणे, रोग-किडी आणि योजना यांविषयी लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तुमच्या घरातलाच आहे. पहाटे पाचला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं-पोरी तुम्ही रोज पाहता. कुणी पोलीस भरतीसाठी पळतो, कुणी सैन्यासाठी. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर कबड्डी रंगते, तालमीत जोर-बैठका निघतात. दूध, बदाम, बूट यांसाठी आई-बाप पोटाला चिमटा काढतात. अंगाच्या मेहनतीत कसूर नाही. पण ज्या दिवशी मैदानात उतरायचे त्या दिवशी अंगात आहे ते बाहेर पडते का? पुष्कळदा पडत नाही. मग "पोरगं ऐनवेळी घाबरलं" एवढे म्हणून आपण विषय मिटवतो.

दोन वर्षांपूर्वी रब्बीत हरभऱ्यावरचा मर रोग बघायला एका शेतावर गेलो होतो. शेतकरी रोगाविषयी कमी आणि मुलाविषयीच जास्त बोलत होता. मुलगा गावात सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळायचा. भरतीच्या मैदानावर मात्र पहिल्याच फेरीत पुढच्यांच्या मागे जीव खाऊन पळाला. तिसऱ्या फेरीत पाय जड झाले, छाती भरून आली आणि गडी मागे पडला. घरी आल्यापासून तो कुणाशी धड बोलत नव्हता. "साहेब, रानातली मर दिसती तरी. ह्याची कशी बघायची?" असे बापाने विचारले. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. मी शेतीचा पदविकाधारक माणूस, मनाचा डॉक्टर नाही. म्हणून तालुक्यातल्या एका जाणत्या क्रीडाशिक्षकांना गाठले, थोडे वाचले. त्यातून जे उमगले ते तुमच्यापुढे मांडतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. धडधड होणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा वडील शिक्षक, आई गावची सरपंच, स्वतः रेल्वेत तिकीट तपासनीस. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल नेमबाजीत त्याने कांस्यपदक मिळवले. 1952 साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्य आणले, त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले. या खेळात पन्नास मीटरवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास जेमतेम एक सेंटिमीटर असतो. अंतिम फेरीच्या सुरुवातीच्या टप्प्यांत स्वप्नील पहिल्या तिघांत नव्हता. त्या दिवशी पोटात काही गेले नव्हते, फक्त काळा चहा घेतला होता, छाती जोरात धडधडत होती, पण श्वास ताब्यात ठेवला आणि वेगळे काही करायला गेलो नाही, अशा अर्थाचे त्याने सामन्यानंतर सांगितले. म्हणजे धडधड त्यालाही होतीच. धडधड होत असताना काय करायचे ते त्याला ठाऊक होते, फरक एवढाच.

हे ठाऊक असणे जन्मजात नसते. ते जोर-बैठकांसारखेच रोजच्या सरावाने येते. मोठे खेळाडू त्यासाठी खास प्रशिक्षक ठेवतात. 2011 चा क्रिकेट विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाबरोबर पॅडी अप्टन हे मनाच्या तयारीसाठीच होते. पुढे 2024 मध्ये बुद्धिबळाचा जगज्जेता झालेल्या गुकेशनेही त्यांचीच मदत घेतली. आपल्या गावात असा माणूस कुठून आणणार? पण मूळ गोष्टी साध्या आहेत आणि फुकट आहेत.

पहिली गोष्ट श्वासाची. माणूस घाबरला की श्वास वरच्यावर चालतो, खांदे-मान आखडतात, ताकद पळण्याआधीच खर्च होते. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, सहा आकडे मोजत सावकाश सोडा. सोडणे लांबले की छातीची धडधड उतरू लागते. हे रोज रात्री पाच मिनिटे करावे. भरतीच्या दिवशी पहिल्यांदा करून भागत नाही.

दुसरी गोष्ट, ध्येय आपल्या हातातले ठेवा. "मी पहिला येणार" हे आपल्या हातात नाही, शेजारचा किती पळेल ते आपण ठरवत नाही. "पहिली फेरी माझ्या ठरलेल्या वेळेतच पळणार, कुणी कितीही पुढे जावो" हे आपल्या हातात आहे. आपण पाऊस ठरवत नाही, पण वाफसा बघून पेरतो. तसेच हे.

तिसरी गोष्ट, डोळे मिटून सराव. झोपण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे आपली शर्यत, आपली चढाई, आपला डाव मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत बघावा. शिट्टी, धूळ, गर्दी, पायाखालची माती सगळे त्यात आले पाहिजे. चूक झाली तर पुढे काय करायचे तेही बघावे. मैदानावरच्या सरावाला हा पर्याय नाही, जोड आहे.

चौथी गोष्ट, स्वतःशी बोलणे. "आता गेलं, आता माझं काही खरं नाही" असे मन आपोआप बोलते. त्याच्या जागी कामाचा छोटा शब्द ठेवावा. पळणाऱ्याने "खांदे सैल", चढाई करणाऱ्याने "पाय बघ", पैलवानाने "पकड सोडू नको". मनाला काम दिले की ते उगाच भटकत नाही.

पाचवी गोष्ट वहीची. शर्यत झाली की त्याच रात्री तीन ओळी लिहाव्या. काय जमले, काय चुकले, उद्या काय करायचे. हार वहीत उतरली की ती डोक्यात कमी घोळते.

काही जण म्हणतील, ही सगळी मोठ्यांची थेरं. तुम्ही पेरणीआधी हरभऱ्याला ट्रायकोडर्मा चोळता. त्याने दाणा मोठा होत नाही, जमीन सुपीक होत नाही. आहे ते रोप मरीतून वाचावे म्हणून आपण ते करतो. मनाची तालीमही तशीच बीजप्रक्रिया आहे. अंगात नसलेली ताकद ती देणार नाही, पण दोन वर्षे घाम गाळून कमावलेली ताकद ऐनवेळी वाया जाऊ देणार नाही.

आता थोडे आपल्या, म्हणजे मोठ्यांच्या वागण्याबद्दल. मुलगा हरून आला की पारावर पहिला प्रश्न काय असतो? "काय रे, पडलास का?" घरी बाप खर्चाचा हिशेब काढतो. पुढच्या वेळी ते पोर मैदानात उतरते तेव्हा प्रतिस्पर्ध्याबरोबर बापाच्या आणि गावाच्या तोंडाचे ओझेही खांद्यावर घेऊन उतरते. हरल्या दिवशी फक्त जेवायला वाढा. चुकांचे बोलणे दुसऱ्या दिवशी करता येते.

आणि मन थकले म्हणजे माणूस संपला असेही समजू नका. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या ऐन स्पर्धेतून मागे हटली. उडी मारल्यावर हवेत अंगाचे भानच राहत नव्हते. जगाने नावे ठेवली. तिने उपचार घेतले आणि 2024 मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदके जिंकली. आपल्याकडेही एखाद्या पोराची झोप-भूक दोन आठवडे उडाली असेल, जगण्यातच अर्थ नाही असे तो बोलू लागला असेल, तर श्वास मोजत बसू नका. तडक डॉक्टरांकडे न्या. शासनाचा टेलि-मानस क्रमांक 14416 आहे, फोन फुकट आहे.

सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि गुरुजी यांना एक विनंती. भरतीआधी महिन्यातून एक रविवार शाळेच्या मैदानावर रंगीत तालीम ठेवा. मुलांच्या छातीवर क्रमांक लावा, हातात घड्याळ घ्या, शिट्टी वाजवा, गावाला बघायला बोलवा, आरडाओरडा होऊ द्या. मुलींची आठशे मीटरही तितक्याच मानाने घ्या. गर्दीत पळायची सवय गावातच लागली की मोठे मैदान परके वाटत नाही. शेवटी मुलांना सावलीत बसवून दहा मिनिटे श्वासाचा आणि डोळे मिटून बघण्याचा सराव घ्या. याला ना ठराव लागतो, ना निधी.

त्या शेतकऱ्याच्या मुलाचे काय झाले ते सांगायचे राहिले. वर्षभर त्याने हे सगळे केले. पुढच्या भरतीत पहिली फेरी आपल्या वेळेत पळाला आणि गावात लागायची तेवढीच वेळ मैदानावर लागली. लेखी परीक्षेत मात्र थोडे गुण कमी पडले, निवड हुकली. पण बापाचा फोन आला तो असा, "साहेब, ह्या वेळी घरी आला, पोटभर जेवला, आणि लेखीची पुस्तकं काढून बसला."

माझ्या मते मर तिथेच आटोक्यात आली. निवड आज ना उद्या होईल.