शिक्षा धाकट्याला, बक्षीस थोरल्याला

एखाद्या पक्षाने कॉलेजच्या मुलांना शब्द दिला आणि सत्तेत गेल्यावर फिरवला, तर तुम्ही काय कराल? पुढच्या निवडणुकीत पाडाल. ब्रिटनमधल्या मतदारांनी तेच केलं. पण पाडल्यावर काय झालं ते नीट बघा, कारण खासदार निवडायची त्यांची पद्धत आणि आपली पद्धत एकच आहे. ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो निवडून आला. बाकीच्यांची मतं कितीही असोत, गेली.

गोष्ट 2010ची. हुजूर आणि मजूर या दोन बड्या पक्षांच्या मधे लिबरल डेमोक्रॅट्स हा मध्यममार्गी पक्ष होता. नेते निक क्लेग. त्या वर्षी तिथे पहिल्यांदाच पक्षनेत्यांच्या टीव्हीवर जाहीर चर्चा झाल्या आणि क्लेग भाव खाऊन गेले. त्यांनी आणि त्यांच्या उमेदवारांनी विद्यार्थी संघटनेच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या होत्या: फीवाढीच्या विरोधात मत देऊ. पक्षाला 23 टक्के मतं आणि 57 जागा मिळाल्या. डेव्हिड कॅमेरन यांचा हुजूर पक्ष बहुमताच्या अलीकडे, 306वर अडकला होता. आघाडी झाली, क्लेग उपपंतप्रधान झाले. आणि त्याच डिसेंबरात इंग्लंडमधल्या विद्यापीठांच्या वार्षिक फीची मर्यादा सुमारे 3,300 पौंडांवरून थेट 9,000 पौंडांवर गेली! लिब-डेमच्या 21 खासदारांनी विरोधात मत दिलं, पण क्लेग यांनी बाजूने. लंडनच्या रस्त्यांवर मुलं उतरली. 2012मध्ये क्लेग यांनी माफी मागितली, तर त्या माफीचंच कुणीतरी गाणं करून टाकलं. विश्वास उडाला की असं होतं.

2015मध्ये हिशेब चुकता झाला. 57चे 8 झाले, मतं आठ टक्क्यांच्या आत. तीनशेहून जास्त मतदारसंघांत डिपॉझिट गेलं.

आता खरी गंमत. गेलेल्या 49 जागा कुणाला मिळाल्या? मजूर पक्षाला 12, स्कॉटिश नॅशनल पार्टीला 10 आणि हुजूर पक्षाला तब्बल 27. म्हणजे हुजूरांशी हातमिळवणी केली म्हणून लोक ज्यांच्यावर चिडले, त्यांच्या जागा हुजूरांनीच नेल्या.

हे कसं झालं? कॉर्नवॉल, डेव्हन, सॉमरसेट या नैर्ऋत्य इंग्लंडच्या पट्ट्यात लढत लिब-डेम विरुद्ध हुजूर अशीच असायची. तिथले मजूर समर्थक ‘हुजूर नको’ म्हणून नाक मुरडत का होईना, लिब-डेमला मत द्यायचे. समजा एखाद्या मतदारसंघात 100 मतं आहेत: लिब-डेम 45, हुजूर 38, बाकी इतर. चिडलेल्या 15 जणांनी मजूर किंवा ग्रीन पार्टीकडे मोर्चा वळवला, की लिब-डेम उरले 30. हुजूरांचं एकही मत वाढलं नाही, तरी जागा त्यांची. या पट्ट्यासह त्या अख्ख्या विभागात लिब-डेमच्या 15 जागा होत्या. एकही उरली नाही.

कॅमेरन यांना एकूण जागा मिळाल्या 331. बहुमताला लागतात 326. त्यातून त्या 27 वजा करून बघा.

माझ्या मते पुढचं सगळं या वजाबाकीत आहे. युरोपीय संघात राहायचं की नाही यावर सार्वमत घेण्याचं वचन कॅमेरन यांनी 2013मध्येच दिलं होतं. पुन्हा आघाडी करावी लागली असती, तर वाटाघाटीत ते बाजूला ठेवायला एक सबब तरी मिळाली असती. स्वबळावर आल्यावर सबब कुठली? 2016मध्ये सार्वमत झालं, 51.9 टक्के लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला आणि कॅमेरन घरी गेले. ज्या तरुणांनी फीवाढीचा राग काढला, त्यांच्यातल्या बहुतेकांना युरोपात राहायचं होतं!

आणखी एक झालं. ‘दोघेही नकोत’ म्हणणाऱ्यांचं मत आधी लिब-डेमकडे जायचं. ते आता कुठेकुठे फुटलं. युरोपविरोधी यूकिपला 12.6 टक्के मतं पडली, जागा मात्र एकच. स्कॉटिश नॅशनल पार्टीची देशभरातली मतं पाच टक्क्यांच्या आत, पण ती एकाच प्रदेशात एकवटलेली, म्हणून जागा 56. ही पद्धत बदलण्यासाठी 2011मध्ये लिब-डेमच्याच आग्रहाने सार्वमत झालं होतं. 68 टक्के लोकांनी नको म्हटलं. क्लेगना धडा शिकवायची तीही एक संधी होती ना, काहींनी ती साधली.

पाडू नका, असं मी म्हणत नाही. शब्द मोडणाऱ्याला पाडलंच पाहिजे. मात्र आपल्या मतदारसंघात दुसऱ्या नंबरवर कोण आहे, हे मत देण्याआधी बघा. कारण तोच येणार आहे.

आणि लिब-डेम? 2024मध्ये त्यांना 12 टक्के मतं मिळाली, 2010च्या जवळपास निम्मी. जागा आल्या 72. नैर्ऋत्येतल्या बऱ्याच जागा परत त्यांच्याकडे आल्या. या वेळी लोक हुजूरांवर चिडले होते, आणि तिथे दुसऱ्या नंबरवर लिब-डेम होते.