सिनेमा हा अभ्यासाचा विषय?

सायंकाळी उणकलच्या तळ्याकाठी फेरफटका मारावयाचा हा आमचा जुना परिपाठ. गेल्या महिन्यात सोबतीला नात होती. ती पुण्यास अर्थशास्त्र शिकते. चालता चालता म्हणाली, "आजोबा, मुख्य विषयाच्या जोडीला एक दुय्यम विषय घ्यायचा आहे. मी चित्रपट घेणार. बाबांना तुम्ही सांगाल ना?"

आम्ही क्षणभर गप्प राहिलो. तिच्या बाबांनी, म्हणजे आमच्याच चिरंजीवांनी, पस्तीसएक वर्षांपूर्वी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे माहितीपत्रक आमच्यापुढे ठेवले होते. "सिनेमा पाहायचा असतो, शिकायचा नसतो," असे सुनावून आम्ही ते परत केले. मुलाने वाद घातला नाही. तो इंजिनियर झाला, सुखात आहे. मात्र त्यानंतर एखादा चित्रपट पाहून आल्यावर त्याविषयी तो आमच्याशी कधी बोलल्याचे आम्हांस स्मरत नाही.

आणि हे शहाणपण आम्ही पाजळले कोठे? धारवाडच्या वाटेवर! गिरीश कार्नाड यांनी १९५८ साली पदवी मिळविली ती धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयातून, आणि तीही गणित व संख्याशास्त्रात. पुढे ऑक्सफर्डला त्यांनी तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्राचे अध्ययन केले. हाच गणिताचा विद्यार्थी १९७४ साली पुण्याच्या त्या संस्थेचा संचालक झाला. तत्पूर्वी १९७२ साली त्यांनी द. रा. बेंद्रे यांच्यावर माहितीपट केला होता. घरी मराठी बोलणारा हा कवी कन्नडचा वरकवी कसा झाला, हे आपल्यासारख्या सीमेवरच्या कुटुंबांना निराळे सांगावयास नको.

नातीला आम्ही विचारले, "सिनेमा शिकायचा म्हणजे नेमके काय?" तिने 'उंबरठा'चेच उदाहरण दिले. १९८२ सालचा जब्बार पटेलांचा हा चित्रपट. स्मिता पाटील घर सोडून महिला सुधारगृहाची अधीक्षिका होते. तिच्या वकील पतीची भूमिका कार्नाडांची. मूळ कादंबरी शांता निसळ यांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. कादंबरीतले काय राहिले आणि काय गळले, हे पाहणे साहित्याचे काम. सुधारगृहाचा कारभार आणि आतल्या बायकांची कोंडी समजून घेणे समाजशास्त्राचे. आश्रमाचा पैसा कोठून येतो आणि पैसा देणारा हुकूम कसा चालवितो, हे विचारणे अर्थशास्त्राचे. हाच चित्रपट 'सुबह' या नावाने हिंदीतही निघाला. तेव्हा भाषा बदलल्यावर प्रसंगाचे वजन बदलते काय, हाही प्रश्न आलाच. स्वतः दिग्दर्शक तर व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ!

ऐकता ऐकता आम्हांस येथल्या चंद्रमौळेश्वराच्या देवळाची आठवण झाली. त्याला चारही दिशांनी दारे आहेत. ज्याला जे दार जवळचे, त्याने त्यातून आत शिरावे. चित्रपटाचेही तसेच असावे.

तथापि मुलांनी एक गाठ पदरी बांधावी. विषय दुय्यम असला म्हणून सोपा नव्हे. तीन तास अंधारात बसणे हा अभ्यास नव्हे. तोच चित्रपट पुन्हा पाहावा, एखाद्या प्रसंगात कॅमेरा कोठे उभा आहे, कोणाचे बोलणे ऐकू येते आणि कोण गप्प आहे याची टिपणे करावीत, आणि आपले मत चार पाने लिहून सिद्ध करावे. अशा दुय्यम विषयाने कोणी दिग्दर्शक होत नाही; ज्याला छायालेखन वा संकलन हातात घ्यावयाचे असेल त्याने त्या विद्येची स्वतंत्र शाळाच गाठावी. परंतु पाहण्याची शिस्त लागली तर अर्थशास्त्राचे आकडे वाचतानाही त्यामागची माणसे दिसू लागतील. पालकांना एवढे पुरेसे वाटावे.

घरी येताच आम्ही चिरंजीवांना फोन लावला. "पोरीला घेऊ दे तो विषय. आणि तेव्हा आमचे चुकले," एवढेच बोललो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने विचारले, "अण्णा, 'उंबरठा'चा शेवट आठवतो का तुम्हाला?"

आम्हांस नीटसा आठवत नव्हता. त्याने तो सांगितला. जेवणाची पाने थंड होईतो तो सांगत होता.