टाटाचं पाणी

मे महिन्यात घाटाखालच्या नद्या दगड दाखवतात. कर्जतची पेज मात्र वाहत असते. खोपोलीच्या खाली पाताळगंगाही वाहते. हे पाणी पावसाचं नाही, वीजघराचं आहे. खोपोलीचं वीजघर १९१५चं, पेजेला पाणी देणारं भिवपुरीचं १९२२चं. वळवण, शिरवता, ठोकरवाडी या धरणांचं पाणी मूळचं इंद्रायणीतून भीमेला जाणारं. टाटांच्या कंपनीनं ते घाटमाथ्यावर अडवलं, नळांतून कोकणात उतरवलं, मुंबईसाठी त्यावर चाकं फिरवली आणि अवजल नदीत सोडलं. लोक आजही त्याला ‘टाटाचं पाणी’च म्हणतात.

नदी माणसाळली, असं आपण समजतो. पण माणसाळलं कोण, ते काठावर उभं राहून पाहावं. राजनाला या कालव्यावरचा शेतकरी उन्हाळी भात लावतो तो भिवपुरीच्या भरवशावर. कर्जत शहराची तहान पेजेवर भागते. पाताळगंगेवर कारखाने उभे राहिले, वस्त्या वाढल्या. चाकं थांबली की नदी उतरते आणि खाली सगळे ताटकळतात. पाणी कधी सुटणार, हे आभाळाकडे बघून कळत नाही. शंभर वर्षांत पेजेचा ऋतूच बदलला आणि काठाला तो अंगवळणी पडला. डोंगरातल्या वाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या वाट्याला हे पाणी आलंच नाही; त्या टँकरची वाट पाहतात.

हे पाणी पुन्हा पूर्वेकडे वळवावं, अशी मागणी पुणे-सोलापूरकडून अधूनमधून होते. ती अन्यायाची नाही. पाणी मुळात भीमा खोऱ्याचंच आहे. मात्र वाद रंगतो तो एका बाजूला भीमेची तहान आणि दुसऱ्या बाजूला मुंबईची वीज, असा. पेजेचं आणि पाताळगंगेचं नाव त्यात क्वचितच निघतं. जणू अवजल समुद्रालाच जातं, मध्ये कुणी राहतच नाही.

पिढ्यान्‌पिढ्या दावणीला बांधलेलं जनावर दावं कापून रानात हाकलत नाहीत. ज्यानं बांधलं, त्याच्यावर त्या जनावराचं देणं असतं. इथे बांधणारी कंपनी आहे, परवानगी देणारं सरकार आहे. पाणी वळवायचं की नाही, याचा निर्णय पुण्यात होवो की मंत्रालयात, त्याआधी एक सुनावणी कर्जतला आणि पाताळगंगेकाठच्यांसाठी एक खालापूरला घ्या. पहिल्या रांगेत राजनाल्याचे शेतकरी बसवा, आणि ज्यांना हे पाणी कधी मिळालंच नाही, त्या वाड्यांनाही बोलवा.