कालवा उघडा राहू द्या, चाऱ्या नळात घाला

पैठणच्या नाथसागराचे पाणी पाथरी, मानवत, परभणी या तालुक्यांत येते ते 208 किलोमीटरच्या डाव्या कालव्यातून. धरणाचे उद्घाटन 1976 सालचे. कालव्याखालच्या बहुतेक चाऱ्या, म्हणजे शेतांपर्यंत पाणी नेणारे छोटे पाट, मात्र अजून उघड्याच. त्या नळात घाला म्हटले की तीन हरकती ठरलेल्या.

पहिली: झिरपलेले पाणी वाया जात नाही, विहिरींना उतरते. कबूल, पण कोणाच्या विहिरींना? काठावरच्यांच्या. टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला आवर्तन सुटल्याची नुसती बातमी कळते. शिवाय सखल काळ्या रानात हेच झिरपणे जमीन पाणथळ आणि चोपण करते. विहिरींना पाणी द्यायचे तर हिशेबात धरून द्या. गळतीला पुनर्भरण म्हणणे ही पळवाट झाली.

दुसरी: नळ कशाला, अस्तरीकरण करा. ज्याने मे महिन्यात इथली काळी माती पाहिली, तो असे म्हणणार नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते. या ओढाताणीत अस्तराचे पातळ काँक्रीट उचकटते, सांध्यांतून गवत आणि मागोमाग वेडी बाभूळ उगवते. आणि अस्तर टिकले तरी रात्री चारीत दगड-गोणपाट टाकून पाणी वळवणाऱ्याला ते कसे अडवणार?

तिसरी: खर्च आणि गाळ. अख्खा कालवा नळात घालायचा असेल, तर ही हरकत बिनतोड आहे. मुखाशी हा कालवा सेकंदाला सुमारे 100 घनमीटर पाण्यासाठी आखलेला. एक मीटर व्यासाच्या नळातून, पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने धावले तरी, जेमतेम 1.2 घनमीटर जाते. म्हणजे असे ऐंशीहून अधिक नळ शेजारी शेजारी! तो हट्ट नकोच. चारीचे पाणी मात्र थोडे. उतार पुरेसा असेल तिथे ते विजेविना नळातून जाते. गाळासाठी तोंडाशी जाळी व गाळकुंडी आणि शेवटाला नळ धुण्याचा व्हॉल्व्ह ठेवावा. नळ मीटरभर खाली गेला की वरून पेरणी करता येते. चारीने अडवलेली जमीनही मोकळी होते.

अर्थात नळ पाणी निर्माण करत नाही. नाथसागर रिता तर नळही कोरडा. नळाला भोक पाडणारेही निघतील. म्हणून नळासोबत तीन गोष्टी हव्यातच: प्रत्येक फाट्यावर मीटर, 2005 च्या कायद्याप्रमाणे पाणी वापर संस्थेला घनमापाने पाणी आणि टेलकडून सुरू होणारी पाळी. त्या नसतील, तर उघड्यावरची चोरी जमिनीखाली जाईल, एवढेच.

जलसंपदा खात्याने सुरुवात सोयीच्या चारीपासून करू नये. जिचा टेल सर्वांत कोरडा, ती चारी आधी घ्यावी.