विश्लेषण : कॉर्सेट खरेच छळाचे साधन होते का?

'ब्रिजर्टन' या २०२० मधील मालिकेच्या सुरुवातीलाच एका तरुणीच्या कॉर्सेटच्या नाड्या करकचून आवळल्या जातात. कथा १८१३ची. त्या काळी झग्याची कंबर थेट छातीखाली असे, खरी कंबर दिसतच नसे. मग ती आवळायची कशाला? जुने कॉर्सेट बेतून, शिवून, स्वतः घालून पाहणाऱ्या हौशी आणि अभ्यासकांचा आक्षेप नेमका हाच आहे.

कॉर्सेट बनत कसे?
घट्ट विणीच्या सुती कापडाचे तुकडे जोडून त्यात नेफ्यासारख्या नळ्या शिवत. त्यांत 'व्हेलबोन'च्या पट्ट्या सरकवत. नाव हाडाचे असले, तरी त्या देवमाशाच्या तोंडातील गाळणीच्या पट्ट्या. आपली नखे, केस ज्याचे, त्याच केराटिनच्या. अंगाच्या उबेने त्या शरीराचा आकार घेतात. १८२८च्या सुमारास धातूच्या आयलेट आल्या आणि कापड न फाटता नाड्या जोरात ओढता येऊ लागल्या.

आज पर्याय काय?
देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर १९८६ पासून आंतरराष्ट्रीय स्थगिती आहे. त्यामुळे प्रतिकृतींत व्हेलबोनसारखे वाकणारे प्लॅस्टिक किंवा पोलादी पट्ट्या वापरतात.

प्रतिकृतींतून काय कळले?
कॉर्सेट उघड्या अंगावर नव्हे, सुती अंतर्वस्त्रावर घालत. पडद्यावर ते अनेकदा वगळले जाते. पाठीमागे नाड्यांत फट राहत असे. त्यामुळे संग्रहालयातील बंद कॉर्सेटचे माप म्हणजे घालणारीची कंबर नव्हे. नितंबांवर, छातीवर गाद्या लावल्या की कंबर आपोआप बारीक भासे. कष्टकरी बायकाही ते घालून राबत. बरगड्या काढून घेतल्याच्या कथांना विश्वासार्ह पुरावा नाही.

म्हणजे त्रास नव्हताच?
होता. कंबर अति आवळली की श्वास अपुरा पडतो. १९व्या शतकातील डॉक्टरांनीही त्याविरुद्ध लिहिले. बारीक कंबरेचा सामाजिक दबावही खराच होता. मात्र मापाने शिवलेले रोजचे कॉर्सेट आणि हट्टाने आवळलेले कॉर्सेट यांत फरक केलाच पाहिजे. तो न केल्यास त्या काळातील बायका केवळ मुकाट बळी ठरतात. त्यांची सोय, निवड आणि शिवणाऱ्या हातांचे कसब पुसले जाते.

ऑनलाइन स्वस्त कॉर्सेट मागवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. ते बेतलेले असते सरासरी मापावर, तुमच्या अंगावर नव्हे. टोचले, श्वास अडला, तर दोष शरीराचा मानू नये. नाडी सैल करावी.