आधी नाव, मग लोगो

नव्या दुकानदाराने आधी लोगो करून घ्यावा, तो फोनवर फुकट होतो. पाटीवर पैसे घालवू नयेत, कारण गिऱ्हाईक नकाशा बघून येतं. आणि पाटी लागलीच तर फ्लेक्स पुरे. असा उपदेश हल्ली एक मार्गदर्शक आमच्या भागात करत फिरतात. ऐकणारे माना डोलावतात आणि दुकान उघडल्यावर आम्हा पाटीवाल्यांच्या दारात येतात. पुणे-सातारा रस्त्यावरच्या आमच्या चेलाडी फाट्यावर उभं राहून या गृहस्थांनी एकही पाटी धड वाचलेली नाही, हे मी लिहून देतो.

नकाशाचं म्हणाल, तर फाट्यावरून तोरणा गडाला निघालेला माणूस भूक लागली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघतो, फोन उघडत नाही. फ्लेक्सचं उत्तर कुठल्याही जुन्या फ्लेक्सवर आहे: लाल-पिवळा रंग उडालेला आणि मालकाचा चेहरा निळा पडलेला.

माझा खरा राग अक्षरांवरून आहे. फोनवर तीन इंचांत छान दिसलेलं चित्र हजार पिक्सेलचं असतं. ते दहा फुटांवर ताणलं की इंचाला जेमतेम आठ पिक्सेल उरतात आणि लोगो फुटतो. तरी ते परवडलं. देवनागरीचं जे होतं ते बघवत नाही. इथल्या कितीतरी दुकानांना बनेश्वराचं नाव असतं. रोमन लिपीसाठी केलेल्या त्या फुकट साच्यात ते टाका, ‘बनेश्‌वर’ होऊन येतं. वेल्ह्याचं ‘वेल्‌हे’ होतं. रफार भलत्याच अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी मागे जाते. देवाचं नाव मोडून दारावर लावायचं आणि त्याला आधुनिक म्हणायचं! मापाचाही पत्ता नसतो. दहा फुटांवरून वाचायला अक्षर साधारण एक इंच उंच लागतं. सर्व्हिस रोडला ताशी 30 किलोमीटरने येणाऱ्याला चार सेकंद द्यायचे, तर तो 110 फुटांवर असतानाच नाव दिसलं पाहिजे. म्हणजे अकरा इंच. तेही नुसत्या अक्षराच्या अंगाला. वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार धरला की ओळ दीडपटीच्या पुढे जाते. तीन फुटी पाटीतली निम्मी उंची नावानेच खाल्ली. आता तिथे लोगो, ब्रीदवाक्य आणि मालकाचा फोटो कुठे बसवणार?

इंग्रजी पाटीने दुकान मोठं दिसतं, असं म्हणणाऱ्यांशीही मागे असाच वाद झाला होता. तो कायद्यानेच मिटवला. महाराष्ट्राच्या दुकाने-आस्थापना कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही देवनागरीत मराठी नाव सक्तीचं झालं, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर 2023 मध्ये मुंबईच्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. म्हणजे वर इंग्रजी नाव ठळक आणि कोपऱ्यात बारीक मराठी, हा फुकटचा नमुना कायद्यातही बसत नाही.

मग करायचं काय? आधी नाव, मग धंदा एका शब्दात, मग फोन नंबर. चौथी गोष्ट नको. गडद पार्श्वभूमीवर फिकं अक्षर किंवा उलट, रंग दोनच. पाटी टाकण्याआधी नाव खऱ्या मापात कागदावर काढून भिंतीला चिकटवा आणि रस्त्यापलीकडून वाचा, दिवेलागणीलाही वाचा. पैसे असतील तर एसीपी शीटवर उठावाची अक्षरं घ्या, नसतील तर पत्र्यावर चांगल्या पेंटरकडून रंगवून घ्या. लोगो नंतर याच अक्षरांच्या वळणातून काढता येतो. काम झालं की अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फाँट नसला तरी न बदलणारी, सीडीआर किंवा पीडीएफ फाइल मागून घ्या, ती तुमच्या मालकीची आहे असं बिलावर लिहून घ्या, आणि तोवर शेवटचा हप्ता हातात ठेवा.