मुद्दल मोडून चाललेला कारभार

1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत ठरली. महामंडळाच्या वर्धापनदिनी तिथे फेरफटका मारला, तर लेथ आणि प्रेसच्या गाळ्यांशेजारी काचेच्या आयटी इमारती दिसतात. काळानुसार हे व्हायचेच; आयटी कंपन्याही रोजगार देतात. प्रश्न वेगळा आहे. ठाण्यात यंत्रांपेक्षा जमीन जास्त कमावू लागली आहे.

ठाण्यात तेलाच्या विहिरी नाहीत, पण जमीन आहे. पोखरण रस्त्यावर ‘रेमंड’च्या गिरणीच्या आवारात आज निवासी मनोरे उभे आहेत. जकात गेली, स्थानिक संस्था करही (एलबीटी) गेला. महापालिकेच्या तिजोरीला मालमत्ता कर आणि सरकारी अनुदानाखेरीज मोठा आधार उरला तो शहर विकास विभागाचा, म्हणजे बिल्डर भरतात त्या शुल्कांचा. कारखाना वर्षानुवर्षे पगार देतो. वाढीव चटई क्षेत्राचे पैसे एकदाच येतात. ते रोजच्या खर्चात गेले की बांधकाम थंडावताच पालिकेची ओढाताण सुरू होते.

तेलावर जगणाऱ्या प्रदेशांनी हे भोगले आहे. कॅनडातील अल्बर्टा प्रांताने तेलाच्या उत्पन्नातील वाटा साठवण्यासाठी 1976 मध्ये निधी उभारला. भाव कोसळल्यावर 1987 मध्ये त्यात भर घालणेच थांबवले. नॉर्वेने 1990 मध्ये कायदा करून निधी स्थापला आणि मुद्दलाला हात न लावता अपेक्षित परताव्यापुरताच खर्च करायची शिस्त पाळली. लांब कशाला, गोव्यात खनिजविक्रीच्या रकमेतील दहा टक्के वाटा कायम निधीत टाकावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच बजावले.

एमआयडीसीचे भूखंड मालकीने विकले जात नाहीत, 95 वर्षांच्या पट्ट्याने दिले जातात. म्हणजे ही जमीन आजही सार्वजनिक ठेव आहे. मग भूखंड हस्तांतराच्या शुल्कातून आणि वापरबदलाच्या प्रीमियममधून ठरावीक वाटा बाजूला काढायला हरकत काय? त्याच्या व्याजातून लघुउद्योजकांना परवडणारे गाळे, आयटीआयला नवी यंत्रे आणि वसाहतीला नीट रस्ते व गटारे मिळू शकतील. महामंडळाने असा स्थानिक निधी काढावा. पहिली वसाहत म्हणून त्याचा आरंभही वागळे इस्टेटमधूनच व्हायला हवा.